भारतीय शिक्षण संस्था : पाऊणशे वर्षांचा हिशेब

सिहोऱ्याच्या स्मरणिकेत पुण्यातल्या संस्थेचा इतिहास कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तुमसर तालुक्यातले एक गाव आणि कोथरूडमधली एक संशोधन संस्था यांचे थेट नाते शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. पण ती संस्था ज्या प्रश्नापायी उभी राहिली, तो प्रश्न इथल्या शिक्षकाच्या हजेरीपटात दर पावसाळ्यात उमटतो. रोवणी लागली की वर्ग विरळ होतो. आई बांधीत उतरलेली, बाप चिखलणीत, मग धाकट्याला सांभाळायला थोरली पोर घरी. पऱ्हे उपटायच्या दिवसांत तर पाचवी-सातवीतली पोरेही हाताशी लागतात. अशा मुलाला शिकवायचे कसे, आणि जगात इतरांनी हे कोडे कसे सोडवले, या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणारी महाराष्ट्रातली जुनी संस्था म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, मराठीत भारतीय शिक्षण संस्था. १९४८ साली ती मुंबईत स्थापन झाली. २०२३ मध्ये तिला पंचाहत्तर वर्षे झाली.

आज ‘इंटरनॅशनल’ हा शब्द शाळेच्या पाटीवर इतका स्वस्त झाला आहे की आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हटले की लोकांना पिवळी बस आणि टायच आठवतो. अभ्यासाचे क्षेत्र म्हणून ते बरेच जुने आहे. एका देशाची शिक्षणव्यवस्था दुसऱ्या देशाशी ताडून पाहावी, त्यासाठी पद्धतशीर माहिती गोळा करावी, असा आराखडा मार्क-आंत्वान ज्युलियँ या फ्रेंच गृहस्थाने १८१७ मध्ये मांडला होता. पुढे इंग्लंडच्या मायकेल सॅडलर यांनी या विद्येला वळण दिले. परदेशी शाळा उचलून आणता येत नाही, कारण तिच्यामागचा समाज उचलून आणता येत नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. हेच सॅडलर १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानात आले.

मराठी माणसाने मात्र या विद्येचे नाव न घेता तिचा वापर आधीच सुरू केला होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी १९१०-११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले झगडले, तेव्हा त्यांचे मुख्य शस्त्र हेच होते. कोणत्या देशात लोकसंख्येच्या किती टक्के मुले शाळेत जातात याचे आकडे त्यांनी सरकारपुढे ओळीने मांडले आणि त्या ओळीत ब्रिटिश हिंदुस्थानचे १.९ टक्के ठेवून दिले. त्याच ओळीत बडोदा संस्थानही होते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केले होते. ‘आपल्या देशात हे जमणार नाही’ ही सबब त्यामुळे कुणाला सांगता येत नव्हती. गोखल्यांच्या विधेयकाचा साचा इंग्लंडच्या १८७० च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांवरून घेतलेला होता. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये इथे महिला विद्यापीठ निघाले, हेही त्याच परंपरेतले.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. नयी तालीम तिच्यातून निघाली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे या घडामोडी आपल्या अंगणातल्याच. समितीत सिलोनचे आर्यनायकम होते आणि ख्वाजा गुलाम सय्यदैन होते. सय्यदैन हे नाव लक्षात ठेवावे, ते या कथेत आणखी दोनदा येणार आहे.

भारतीय शिक्षण संस्थेचे संस्थापक जयंत पांडुरंग नाईक, म्हणजेच जे. पी. नाईक. जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. शिक्षकदिन त्यांच्या वाढदिवशी येतो, पण त्या दिवशीच्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. सविनय कायदेभंगात तुरुंगवास झाला. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात ते जाऊन राहिले आणि गावाची शाळा, गावाची स्वच्छता यांच्या मागे लागले. पुढे कोल्हापूर संस्थानच्या कारभारात आले. सय्यद नुरुल्लांबरोबर त्यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला, तो १९४३ मध्ये निघाला. बी.एड. केलेल्या जुन्या पिढीला ‘नुरुल्ला आणि नाईक’ हे जोडनाव पाठ असते. पुस्तकाच्या लेखकांपैकी एकाने खेड्यात राहून शाळा चालवली होती, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

१९४८ मध्ये मुंबईत संस्था काढताना नाईकांचा हेतू साधा होता. शिक्षणशास्त्र तोवर शिक्षक तयार करण्यापुरते मानले जाई. पाठ कसा घ्यावा, फळा कसा वापरावा, परीक्षा कशी घ्यावी. एखाद्या जिल्ह्यातली निम्मी मुले शाळेत का नाहीत, त्यांना आणायला किती पैसा लागेल आणि तो कुठून येईल, हा अभ्यासाचा विषय आहे असे फारसे कुणाला वाटत नव्हते. तो प्रश्न पदव्युत्तर अध्ययनाच्या आणि संशोधनाच्या पातळीवर आणणे, यासाठी संस्था.

या काळाची बाहेरच्या जगाला दिसलेली खूण म्हणजे एक छोटे पुस्तक. युनेस्कोने निरनिराळ्या देशांतल्या सक्तीच्या शिक्षणावर एक माला काढली. तिच्यातले भारतावरचे पुस्तक १९५२ मध्ये आले. लेखक तीन: सय्यदैन, नाईक आणि आबिद हुसेन. वर्ध्याच्या समितीत बसलेला माणूस आणि उप्पिन बेटगेरीत राहिलेला माणूस जगाला भारतातल्या सक्तीच्या शिक्षणाची हकिकत सांगत होते. राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरवले होते, म्हणजे मुदत १९६० ची. ती पाळता येईल की नाही, याचा हिशेब नाईक आयुष्यभर करत राहिले.

गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही नाईक होते, पण त्याचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. तो इथे सोडतो.

१९५९ मध्ये नाईक दिल्लीत शिक्षण मंत्रालयात सल्लागार झाले. संस्थेच्या इतिहासात ही वर्षे थोडी आडबाजूची वाटतील, पण पुढे पुण्यात जे घडले त्याची पेरणी दिल्लीतच झाली. जुलै १९६४ मध्ये दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. सतरा जणांच्या त्या आयोगात पाच परदेशी होते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे एच. एल. एल्विन, पॅरिसचे ज्याँ थॉमा, मॉस्कोचे शुमोव्स्की, टोकियोच्या वासेदा विद्यापीठाचे सादातोशी इहारा आणि अमेरिकेचे रॉजर रेव्हेल. वातावरणातल्या कर्बवायूचा धोका जगाला आधी सांगणाऱ्यांत ज्यांची गणना होते तेच हे रेव्हेल. युनेस्कोचे मॅकडूगल सहसचिव होते. आणि सदस्यांत पुन्हा सय्यदैन. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन आणि रशियन एका टेबलाशी बसून भारतातल्या प्राथमिक शाळेबद्दल बोलत होते, आणि त्या टेबलावरची टिपणे नाईकांच्या हातची होती. आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा याहून जिवंत वर्ग भारतात क्वचितच भरला असेल.

अहवाल २९ जून १९६६ रोजी सादर झाला. १०+२+३ हा आकृतिबंध सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून मोलाच्या दोन शिफारशी मात्र विस्मरणात गेल्या. एक, परिसर शाळा: श्रीमंत-गरीब सगळ्यांची मुले जवळच्या एकाच शाळेत जावीत. दुसरी, शाळासमूह: माध्यमिक शाळेभोवती प्राथमिक शाळांचा गट बांधावा, साधने वाटून घ्यावीत, शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहावेत. आज आपली केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आहेत ते या दुसऱ्या कल्पनेचे दूरचे वंशज. वंश टिकला, पण केंद्रप्रमुखाचा बहुतेक दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, नागपुरात शाळा शिकलेले. सदस्य-सचिव नाईक. ते पद त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळले. त्याच काळात, १९७६ मध्ये, भारतीय शिक्षण संस्था मुंबईहून पुण्याला हलली आणि तिची नव्याने बांधणी झाली. परिषदेने तिला राष्ट्रीय पातळीची संशोधन संस्था म्हणून मान्यता दिली. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यापासून आत ज्या रस्त्यावर ती आहे, त्याला आता जे. पी. नाईक पथ म्हणतात.

पुण्यातल्या अध्यापनाचे वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. पुणे विद्यापीठाच्या मान्यतेने इथे एम.फिल. आणि पीएच.डी.चे काम सुरू झाले, ते आंतरविद्याशाखीय पायावर. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र अशा विषयांतून आलेला विद्यार्थी इथे शिक्षणावर संशोधन करू शके. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो. पण शाळेतून पोर का गळते हे विचारायचे तर मजुरीचे दर, जमिनीची वाटणी, जात, स्थलांतर यांची जाण लागते, आणि ती पाठटाचणाच्या वहीत सापडत नाही. याच सुमारास बाहेरच्या जगातही शाळेकडे नव्याने पाहणे सुरू होते. फिलिप कूम्ब्स यांचे जागतिक शिक्षणसंकटावरचे पुस्तक १९६८ चे, इव्हान इलिच यांचे शाळाविरहित समाजावरचे १९७१ चे, युनेस्कोच्या फोर आयोगाचा अहवाल १९७२ चा, आणि ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी तर होतेच. नाईकांनी हे सगळे वाचले, त्यांतले अनौपचारिक शिक्षणाचे सूत्र उचलले आणि इलिचचा टोकाचा निष्कर्ष बाजूला ठेवला. शाळा मोडून टाका म्हणणे ज्यांच्याकडे शाळा आहे त्यांना परवडते.

१९७५ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण. एक कोन धरायला गेले की दुसरा निसटतो. पट वाढवा, वर्गखोल्या आणि शिक्षक अपुरे पडतात. निवडक शाळा उत्तम करा, बाकीच्या मागे राहतात. भारतातल्या शिक्षणाबद्दल एवढे नेमके निदान दुसरे झालेले नाही, असे माझे मत आहे.

दिल्ली सोडून नाईक पुण्यात आले ते विश्रांतीसाठी नव्हे. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे जगभरच्या देशांनी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचा संकल्प केला होता. भारतात त्यासाठी काय करावे, यावर सामाजिक विज्ञान परिषद आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या अभ्यासगटाने अहवाल तयार केला. नाईक त्या गटात होते आणि अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध केला तो याच संस्थेने. शिक्षणाच्या संस्थेने आरोग्याचा अहवाल काढावा याचे नवल वाटू नये. उप्पिन बेटगेरीतही शाळा आणि गटार ही कामे त्यांनी एकाच वहीत मांडली होती.

संस्थेच्या कामातला सर्वांत रसरशीत भाग याच वेळी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत सुरू झाला. १९७९ ते १९८५ या काळातला हा कृतिसंशोधनाचा प्रकल्प. त्याची धुरा चित्रा नाईक यांच्याकडे होती. त्यांची ओळख जे. पी. नाईकांच्या पत्नी म्हणून करून देणे अपुरे आहे. १५ जुलै १९१८ चा जन्म. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यास करून आल्या होत्या, गारगोटीत काम केले होते आणि महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक राहिल्या होत्या. शासनाचे कागद कसे फिरतात हे त्यांना आतून माहीत होते, म्हणून कागदाबाहेर काय करायचे हेही कळत होते.

नऊ ते चौदा वयाची, शाळेत कधी न गेलेली किंवा मधेच सुटलेली मुले हा त्यांचा वर्ग. दिवसा ही मुले गुरे राखतात, भावंडे सांभाळतात, शेतावर जातात, म्हणून वर्ग संध्याकाळी. जेवणे आटोपली की सातच्या पुढे मुले जमत. कुणाच्या ओसरीत, देवळात, शाळेच्या रिकाम्या खोलीत. मध्ये कंदील. शिकवणारा गावातलाच, थोडेफार शिकलेला तरुण, शेतकरी किंवा गृहिणी. त्यांच्याकडे प्रशिक्षणाची पदवी नव्हती. कुठल्या घरातली कुठली पोर का आली नाही, हे मात्र त्यांना विचारावे लागत नसे. दोन तास चालणाऱ्या त्या वर्गात गाणी, खेळ, गोष्टी, हिशेब, वाचन एकमेकांत मिसळलेले असे. एक मूल दुसऱ्याला शिकवी. मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त असे, कारण दिवसाच्या शाळेने ज्यांना सर्वांत आधी गमावले त्या मुलीच होत्या.

परीक्षेची भीती त्यांनी कशी घालवली ते पाहण्यासारखे आहे. आसपासच्या गावांतली मुले एका गावी जमत, पालकही येत. त्याला बालजत्रा म्हणत. खेळ चालू, गाणी चालू, आणि त्यातच कुठे कोपऱ्यात वाचून दाखवायचे, कुठे वजनमापाचा हिशेब करायचा, कुठे लिहायचे. मूल खेळत खेळत आपली पातळी दाखवी आणि आपल्या पोरीला वाचता येते हे बाप समोर उभा राहून पाही. मूल्यमापनावर कितीही परिपत्रके निघोत, यापेक्षा चांगली पद्धत माझ्या वाचनात नाही.

नाईकांना या कामाची सुरुवातच पाहता आली. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले. शिक्षण आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले आणि का फसले, याची झडती घेणारे त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. आपणच सचिव असलेल्या आयोगाची इतकी कोरडी तपासणी करणारा सचिव विरळा. पुढे युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांवर चरित्रलेख काढले, त्यांत टागोर आणि गांधी यांच्याबरोबर नाईकही आहेत.

प्रकल्प त्यांच्या मागे थांबला नाही. ‘प्रोपेल’ या नावाने त्याचा पुढचा टप्पा निघाला. त्यात ग्रामशिक्षण समित्यांवर भर होता, म्हणजे रात्रीचा वर्ग आणि दिवसाची शाळा या दोन्हींकडे गावानेच लक्ष द्यायचे. १९९० च्या मार्चमध्ये थायलंडमधल्या जोमतिएन इथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ परिषद झाली, तेव्हा जगाला दाखवण्याजोगे प्रयोग शोधले जात होते. खेड्यातल्या कंदिलाभोवतीचे काम अशा प्रकारे परदेशी अहवालांत गेले. पुस्तकातून खेड्यात आलेली कल्पना खेड्यातून पुन्हा पुस्तकात गेली. चित्राताईंना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली, युनेस्कोचे कोमेनियस पदकही मिळाले. कोमेनियस हे सतराव्या शतकातले चेक शिक्षणतज्ज्ञ, मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये काढणारे. पुढे चित्राताई नियोजन आयोगावरही गेल्या. २४ डिसेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

प्रौढ शिक्षणाचे राज्य संसाधन केंद्रही संस्थेने चालवले. नवसाक्षरांसाठी पुस्तिका, प्रशिक्षण, मूल्यमापन ही कामे तिथून झाली. ‘शिक्षण आणि समाज’ हे मराठी त्रैमासिक मात्र थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. शिक्षणावरचे संशोधन आपल्याकडे बहुतेक इंग्रजीत होते आणि ज्याच्याबद्दल ते असते त्या शिक्षकापर्यंत पोचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर वाचू शकेल अशा भाषेत ते मांडण्याची तजवीज या त्रैमासिकाने केली. तरीही तक्रार उरतेच. संस्थेचे मोठे अहवाल इंग्रजीतच राहिले, आणि प्रयोगाचे क्षेत्र प्रामुख्याने पुणे जिल्हा. भातशेतीच्या, जंगलाच्या, झाडीबोली आणि पोवारी बोलणाऱ्या आपल्या टापूत कंदिलाचा वर्ग कसा चालला असता, इथल्या रोवणीच्या दिवसांत त्याचे वेळापत्रक कसे बसले असते, याचे उत्तर त्या अहवालांतून मिळत नाही.

उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल आणि त्यासाठी लागणारी सामग्री इथेच आहे. बावनथडी आणि वैनगंगेपलीकडे बालाघाट जिल्हा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत अलीकडे-पलीकडे एकच राज्य होते, राजधानी नागपूर, एकच शिक्षणखाते. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पीक तेच, रोवणी तीच, सोयरिकीही दोन्हीकडे. बदलली ती शाळा: पाठ्यपुस्तक, शिक्षकाची भरती, शाळेची व्यवस्था पाहणारे खाते. सॅडलर म्हणत तसा समाज तोच ठेवून नुसती व्यवस्था बदललेली पाहायला मिळणे हा तौलनिक अभ्यासकाचा दुर्मीळ योग, आणि तो सिहोऱ्यापासून फार दूर नाही. नदीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे काढावीत. १९५६ च्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत कोणत्या इयत्तेला किती मुले, किती मुली सुटल्या, कोणत्या महिन्यात सुटल्या, हे समोरासमोर मांडावे. कामाला एम.फिल.ची पदवी लागत नाही. दोन शाळांचे मुख्याध्यापक, एक उन्हाळी सुटी आणि वाळवीने अजून न खाल्लेली रजिस्टरे एवढे पुरे.